अंधारी, भाग दुसरा

चितेगाव, ७ सप्टेंबर २०२५

आकाश, जय भीम.

तुझ्या ‘अंधारी’ ह्या व्हिडिओगेमचा दुसरा भाग मला खरा कितीला पडला ते आधी सांगतो. पैशाचं सोड, ते रूपालीनं तिच्या फोनवरून भरले आणि आकडा काही सांगितला नाही. माझे गेले ते बावीस दिवस, रोज संध्याकाळी चार ते सहा. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. चष्म्याचा नंबर वाढला. फुलंब्रीच्या एका पिठाच्या गिरणीची मोटर दुरुस्त होऊन दोन दिवस उशिरा गेली, आणि गिरणीवाल्यानं गाळ्यात येऊन मला खेळताना बघितलं. कुणाला सांगणार नाही म्हणाला, म्हणजे आता अर्ध्या फुलंब्रीला माहीत आहे.

पण खेळ संपवला. एकसष्टाव्या वर्षी, एकट्यानं. शेवटी नावं वर सरकत जातात त्यात तुझं नाव तिसरं आलं. मी टाळी वाजवली. गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पुण्याच्या ऑफिसात टपाल येतं असं रूपाली म्हणाली. तिला विचारलं, "तो वाचंल का?" तर म्हणते, "पप्पा, वाचणार नाही असं समजून लिहा, म्हणजे खरं लिहाल." तुझी बहीण पंचायत समितीत लागल्यापासून लई बोलायला शिकली आहे.

तुझ्या आईला जाऊन एकोणीस महिने झाले. तेवढेच महिने तू घरी आला नाहीस. पहिल्या वर्षीच्या पुण्यानुमोदनाला तुझी खुर्ची मांडली होती, मग भंतेजींच्या पिशव्या तिच्यावर ठेवल्या. दोन फेब्रुवारीला दुसरं वर्ष. तू यावंस एवढंच मला पाहिजे. बाकीचं मी इकडचं तिकडचं लिहीन, पण मुद्दा तोच आहे असं समज.

माझं बरं चाललंय. जेवण जातं. चव लागत नाही, पण जातं.

पप्पा


चितेगाव, २१ सप्टेंबर २०२५

आकाश,

आता तुझ्या खेळाविषयी. रागावू नको, गिऱ्हाईक म्हणून बोलतोय.

लोकांनी नेटवर काय काय लिहिलंय ते रूपालीनं मला मराठीत करून वाचून दाखवलं. एक म्हणतो, पहिल्या भागात मी किल्ल्यात हरवलो होतो, दुसऱ्यात माझं बोट धरून मला बाहेर काढलं. दुसरा म्हणतो, माझ्या हाताला कंप आहे, पहिला मला झेपला नाही, हा मी पूर्ण केला आणि बायकोला बोलावून दाखवला. खाली दोघांच्या बाजूची पोरं एकमेकांना शिव्या देतायत. मला विचारशील तर दोघंही खरं बोलतायत.

मी त्या कंपवाल्याच्या बाजूचा. मशाल विझत नाही, हे बरं केलंस. खड्ड्यात पडलो तर तिथंच परत उभा राहतो, हेही बरं. पण सोपं करणं वेगळं आणि सरळ करणं वेगळं. चढायच्या प्रत्येक दगडाला चुना कशाला फासला? डाव्या हाताला दार दिसतं, जवळ जावं तर ते नुसतं भिंतीवरचं चित्र. अशा एका दारापुढं मी पाऊण तास घालवला. पडू द्यायचं नसेल तर नको देऊ, पण माणसाला इकडं तिकडं हिंडू तर दे.

आणि तो म्हातारा पहारेकरी. मी अजून बघतही नाही तोच सांगतो, "तिकडं काही नाही. इकडून ये." कोडं समोर आलं, की मी वाचायच्या आत म्हणतो, "तू कशाला त्रास घेतो, मी बघतो." हे वाक्य कुठलं ते मला कळलं. रूपालीलाही कळलं, ती हसली आणि मग उठून आत गेली. माझी हरकत नाही. मिशी मात्र मला कधी नव्हती.

खरी गोष्ट सांगतो. मी काय तुझा खेळ बघायला बसलो नव्हतो. रूपाली बोलता बोलता म्हणाली होती, की अंधारीत कुठंतरी मम्मीचा आवाज आहे, आकाशनं घरी रेकॉर्ड केलेला टाकलाय. मी म्हटलं, घे तो खेळ. ती म्हणाली, पहिला की दुसरा? मी म्हटलं, अगं नवा घे. धंद्यातला माणूस मी. नव्या मॉडेलमध्ये जुन्यातलं सगळं असतं आणि वर चार गोष्टी जास्त असतात, हेच मला ठाऊक. बावीस दिवस कानाला हेडफोन लावून मी तिला शोधत होतो. वाट एकच, त्यामुळं चुकायला जागा नव्हती. ती नव्हती.

तुला दौलताबाद आठवतं का? तू सहावीत, रूपाली नववीत. घड्याळ लावून मी तुम्हाला वर नेत होतो, बारादरीपर्यंत. रूपाली माझ्याबरोबर पोचली. तू आणि तुझी आई खालच्या कोठारांतच फिरत बसलात. ती किल्ल्यावर चारदा आली आणि एकदाही माथ्यावर पोचली नाही. एका खोलीत वटवाघळं, एका खोलीत नुसता थंडावा, ती तुला सांगत असायची, "इथं थांब, ऐक जरा." मी वरून ओरडायचो. तो दिवस मला वाया गेल्यासारखा वाटला होता.

पप्पा


चितेगाव, २ नोव्हेंबर २०२५

आकाश,

दिवाळी झाली. आमचा सगळ्यात कामाचा काळ. तुला माहीतच आहे, कंपन्या वर्षभर लाइन थांबवत नाहीत. मोटर कण्हत असली तरी वर्षभर चालवायची आणि दिवाळीच्या शटडाऊनमध्ये उघडायची. यंदा आठ दिवसांत चौतीस मोटरी आल्या. हात चालत होते. मन लावावं लागत नाही त्याला.

कान अजून शाबूत आहेत. परवा दौलताबादेहून शिवराजचा फोन, तो विहिरीच्या मोटरीवाला.

"काका, मोटर आवाज करती."

"मोटर आवाजच करती, शिवराज. कसला करती?"

"गाडीत टाकून आणू का?"

"थांब. चालू कर, आणि फोन तिच्या पोटाला लाव."

लावला. मी ऐकलं. "पंख्याकडचं बेअरिंग गेलंय. वाइंडिंग चांगलंय. बेअरिंग घेऊन ये म्हणावं मिस्त्रीला, इथं आणू नको."

"न बघता सांगता व्हय?"

"बघून तर कुणीबी सांगतं."

तसंच निघालं. चाळीस वर्षं पेचकसाचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून मी जेवलोय. माझ्यासारखा कान चितेगाव ते पैठण दुसरा नाही, हे माझे दुश्मन पण सांगतील.

आता जे तू कधी विचारलं नाहीस ते लिहितो. आई गेली तेव्हा विहारात तू मला एकच वाक्य बोलला होतास, "पप्पा, तुम्ही मला सांगितलं नाही." बरोबर आहे. नाही सांगितलं. तुझा पहिला भाग बाहेर पडायला दोन महिने होते. तू फोनवर विचारायचास, मम्मी कशी आहे, आणि मी म्हणायचो, कफ आहे, तू तुझं बघ. तिनं दोनदा फोन मागितला. मी दिला नाही, तिला धाप लागायची आणि तुला ते ऐकू गेलं असतं. तू आलास तोवर तिच्या घशात नळी घातलेली होती. हा निर्णय माझा. तुझी वाट मोकळी राहावी म्हणून घेतला. चुकला असेल.

पण एक गोष्ट मी मान्य करणार नाही. रूपाली परवा म्हणाली, आकाशला वाटतं मम्मीला दवाखान्यात न्यायला उशीर झाला. नाही झाला. मी काही खोटं सांगायला बसलो नाही. तिला आधी काही होत नव्हतं. काही असतं तर मला ऐकू आलं असतं, दुसऱ्या कुणाला नाही आलं तरी मला आलं असतं. तेवीस सालच्या दिवाळीच्या पाडव्याला तिच्या छातीत मी पहिल्यांदा शिट्टी ऐकली आणि त्याच दिवशी, सणाचा दिवस असून, गाडी काढली. एक दिवस वाया घालवला नाही. हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगीन.

दोन फेब्रुवारीचं कळव.

पप्पा


चितेगाव, २३ नोव्हेंबर २०२५

आकाश,

तुझा निरोप मिळाला. रूपालीनं फोन समोर धरला आणि वाचला, "पप्पांना म्हणावं पहिला भाग खेळू नका. जमणार नाही." एकवीस महिन्यांत तुझे मला आलेले एवढेच शब्द, त्यात एक "नका" आणि एक "नाही".

रूपालीला म्हटलं, "घे पहिला."

"पप्पा, तो नको म्हणतोय."

"तो मला काय म्हणतोय, कळतं का तुला? म्हातारा झालात म्हणतोय."

"तो असं नाही म्हणत."

"मग काय म्हणतो?"

तिनं फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "मला नाही माहीत. पण तो तीनदा टाइप करायला लागून थांबला, मला दिसत होतं."

घेतला. आणि तुझं खरं आहे, जमत नाहीये. नकाशा नाही, बाण नाही, चुना नाही, म्हातारा नाही. मशालीत तेल बोटभर. ते संपलं, की अंधार, आणि अंधारात पहिल्याच वळणावर खड्डा, की परत दरवाज्यापासून सुरू. मी आजपर्यंत एकशे सहा वेळा मेलोय. मोजतोय, कारण कोपऱ्यात आकडा दिसतो. हे कुणाला आवडत असेल?

तरी एक गंमत आहे. दुसऱ्यात मी बावीस दिवस होतो आणि आज मला त्यातली एक जागा आठवत नाही. ह्यातल्या पहिल्या चौकातली प्रत्येक पायरी मला पाठ आहे. ज्या खोलीत काहीच नाही, तिथंही मी दोनदा जाऊन आलोय. रूपाली म्हणाली, "कशाला गेलात? काही मिळतं का तिथं?" मी म्हटलं, "नाही मिळत, म्हणून तर खात्री करायला गेलो."

मग ती म्हणाली, "मम्मीसारखं बोलताय." मला वाईट वाटायला पाहिजे होतं, किंवा बरं. चहा थंड झाला होता, तो पिऊन टाकला.

पप्पा


चितेगाव, २८ डिसेंबर २०२५

आकाश,

तेलाचं कोडं सुटलं.

मशाल विझवून चालायचं. सगळे जण मशाल वाचवत पळतात, म्हणून मरतात. मी एकदा चिडून मशालच पेटवली नाही. उभा राहिलो. आणि ऐकू यायला लागलं. डाव्या कानात पाणी ठिबकतंय, म्हणजे तिकडं टाकं. उजवीकडं वारा घुमतोय, म्हणजे तिकडं पोकळी, खड्डा. समोर आवाज कोरडा, म्हणजे भिंत. एक एक पाऊल, थांबायचं, ऐकायचं, मग दुसरं. त्या दिवशी मी एकदाही मेलो नाही आणि तिसऱ्या चौकात पोचलो. नेटवर पोरांनी लिहिलंय, की आवाज नुसते शोभेला आहेत. त्यांना म्हणावं, चितेगावला या.

हे तू मुद्दाम केलंस ना? दिसत नसलं तरी ज्याला थांबता येतं त्याला जाता यावं, असं? म्हणजे हा खेळ अवघड नव्हताच. घाईच्या माणसाला अवघड होता. हे मला पहिल्या पत्राच्या वेळी कळलं असतं, तर मी तुझ्याशी जरा वेगळं बोललो असतो.

मग दुसऱ्यात हे सगळं का काढून टाकलंस? रूपाली म्हणते, कंपनीनं सांगितलं असेल, सोपा केला की जास्त विकतो. मला नाही पटत. सोपा करायचा तर तेल वाढवलं असतंस. तू दारं बुजवलीस. माणूस दार बुजवतो, तेव्हा आत काहीतरी असतं.

पत्र लिहून ठेवतोय. दोन फेब्रुवारीला पाच आठवडे राहिले. विहारात सांगून ठेवलंय, जेवण दोनशे माणसांचं. आशाबाई मावशी विचारत होती, आकाश येतोय का? मी म्हटलं, कळवतो म्हणालाय. तेवढं खोटं बोललो.

पप्पा


चितेगाव, १८ जानेवारी २०२६

आकाश,

सापडली.

तिसऱ्या चौकाच्या खाली, चढायच्या वाटेच्या उलट अंगाला, कोठारामागं. तिथं जायचं काही कारण नाही. किल्ली नाही, दिवा नाही, पुढं वाट नाही. मी भाकरी थापल्याच्या आवाजामागं गेलो. आधी वाटलं पाणीच आहे. मग ओळखलं, पाण्याला असा हात नसतो.

आत गेलो आणि उभा राहिलो. कुणी थांबत नसणार तिथं, रिकामी खोली बघून सगळे मागं फिरत असतील. दुपारचे चार वाजले होते. गाळ्यातल्या पोरांना सांगितलं, लेथ बंद करा. सात मिनिटं आहे ते. मी सगळं ऐकलं. मग परत ऐकलं. नऊ वेळा झालं.

रडायला आलं नाही. तू विचारशील म्हणून सांगतो. 

तू खेळू नका का म्हणालास, ते आता कळलं. जमणार नाही म्हणून नव्हतं ते. आणि दुसऱ्या भागाची वाट एवढी सरळ का, तेही. तू पहिला भाग केलास तेव्हा हे नुसतं घरातलं बोलणं होतं, कुठल्याही घरातलं. आई गेल्यावर तू ते परत ऐकलं असशील. काढून टाकलं असतं तर तिचा आवाज गेला असता. ठेवलं तर माझाही राहिला असता. म्हणून तू ते तिथंच ठेवलंस, आणि पुढचा खेळ असा बांधलास, की कुणी आडबाजूला जाऊच नये. दोन वर्षं तू मला सांगितलं नाहीस. कुणाकडून शिकलास ते विचारत नाही.

रूपालीला काल बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "पप्पा, आता कशाला?" मी म्हटलं, तुलाही माहीत पाहिजे. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.  मग बस पकडायची म्हणून उठली. जाताना म्हणाली, "जेवून घ्या." 

दोन फेब्रुवारीला ये, असं मी तीन पत्रांत लिहिलं. आता लिहीत नाही. येणं, न येणं, आलास तर माझ्याशी बोलणं, न बोलणं, तुझं तू ठरव. मी कुणाला फोन करायला लावणार नाही. आशाबाईला खरं काय ते सांगितलं.

तुला पाठ असेल, तरी माझ्या हातानं लिहून देतो, म्हणजे मी ऐकलं याचा पुरावा राहील. बाहेर जयंतीचे ढोल लांबून वाजतायत, म्हणजे चौदा एप्रिल, तेवीस साल. ती भाकरी थापतीये. तू म्हणतोस, "मम्मी, बोलू नको ना, आवाज भरतोय." ती म्हणते, "माझा आवाज नको, भाकरीचा पाहिजे, असला कसला रे तुझा खेळ?" तू हसतोस. तवा वाजतो. ती खोकते. थांबून परत खोकते, आणि श्वास आत घेताना बारीक शिट्टी येते. ती म्हणते, "अहो, हे काही जात नाही बघा." मग मी बोलतो. पलीकडच्या खोलीतून, मोठ्यानं, खुशीत.

"महिनाभर ऐकतोय मी. दिवाळीच्या शटडाऊनमध्ये दाखवू."

पप्पा